मलिदा आपला की उसना? बेने इस्रायल घरातील सणांच्या मराठी नावांविषयी

प्रश्न – किहीमची नात

नमस्कार. मी ठाण्यात राहते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमचे मूळ घर अलिबागच्या इस्रायल आळीत होते आणि सुट्ट्यांमध्ये आम्ही सगळी भावंडे तेथेच असायचो. येत्या हिवाळ्यात माझ्या मुलाचे लग्न इस्रायलमधील अश्दोद येथे आहे. मुलीकडचे लोक मूळचे मोरोक्कोचे ज्यू आहेत. मेंदीच्या आदल्या दिवशी आपल्या पद्धतीप्रमाणे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा करावा, ही माझी इच्छा आहे, आणि आलेल्या पाहुण्यांना समजावे म्हणून आपल्या सणांची व रीतींची एक छोटी पुस्तिकाही मी लिहीत आहे.

अडचण अशी झाली की मुलीच्या आईने फोनवर मलिदा म्हणजे काय असे विचारले, तेव्हा तेथेच वाढलेल्या माझ्या भाच्याने मध्येच उत्तर देऊन टाकले की हा खरे तर हिंदूंचा प्रसाद आहे आणि आमच्या लोकांनी तो भारतात असताना उचलला. मला त्या वेळी एक शब्दही बोलता आला नाही. नंतर त्याने मला प्रेमानेच समजावले की पुस्तिकेतून ‘दारफाळणी’, ‘होळीचा सण’ अशी नावे काढून टाकावीत आणि फक्त हिब्रू नावे ठेवावीत, नाहीतर तेथील लोकांचा गैरसमज होईल.

माझी आजी मलिदा करायची तो प्रसंग मला आजही जसाच्या तसा दिसतो. ती पितळी परातीत पोहे पाखडून घ्यायची, त्यांच्यावर पाण्याचा हबका मारून ते बोटांनी हलके मोकळे करायची आणि मग त्यात साखर, ओल्या नारळाचा चव, कुटलेली वेलची आणि बदामाचे काप घालायची. परातीच्या मधोमध ढीग रचून त्याच्या कडेने फळे मांडली की ती डोक्यावर पदर घ्यायची, आणि सब्जाची डहाळी हातात धरून आजोबा आशीर्वाद म्हणू लागले की आम्ही पोरे श्वास रोखून उभी राहायचो. शेवटी आळीतल्या प्रत्येक घरी, आमच्या कोळी आणि आगरी शेजाऱ्यांच्या घरीही, तो मलिदा जायचा. हे सगळे उसने होते, असे मुलाच्या लग्नात मी कोणत्या तोंडाने सांगू?

माझे दोन प्रश्न आहेत. मलिद्याचा उगम नेमका कोठे आहे? आणि सणांच्या मराठी नावांचा अर्थ कोणी नीट सांगू शकेल का, विशेषतः आजी ज्याला ‘अनाशी डाकाचा सण’ म्हणायची त्या नावाचा?

उत्तर – रेवदंड्याचे आजोबा

ताई, आधी नावांविषयी लिहितो, कारण माझे बालपण त्या नावांतच गेले.

आपल्या परंपरेनुसार आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढेच वाचले, बुडालेल्यांना तेथेच पुरले, आणि वाचलेल्यांनी कोकणातील गावांत तेलाचा घाणा चालवून पोट भरले. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता आणि शिकवणारा हाझानही नव्हता. जे उरले होते ते सगळे अंगवळणी पडलेले होते. आठव्या दिवशी सुंता करायची, शनिवारी घाणा बंद ठेवायचा आणि खवले व पर असलेलीच मासळी खायची. जन्म, लग्न आणि मृत्यू या प्रत्येक प्रसंगी ‘शेमा’ म्हणायचा, कारण तेवढी एकच प्रार्थना त्यांना तोंडपाठ राहिली होती. शेजाऱ्यांनी आपल्याला ‘शनवार तेली’ म्हटले ते यातूनच. दावीद राहाबी नावाचे गृहस्थ आले तेव्हा बायकांनी पुढ्यातल्या मासळीतून खवल्यांची मासळी वेगळी काढली आणि हे ज्यू आहेत अशी त्यांची खात्री पटली, ही गोष्टही आपल्या घराघरांत सांगितली जाते.

ज्या लोकांकडे ग्रंथ नव्हता, त्यांनी सणाला नाव दिले ते त्या दिवशी घरात काय घडते यावरून. तिश्री महिन्याच्या आरंभी, म्हणजे ज्या नववर्षाच्या सणाला आता आपण रोश हशाना म्हणतो, तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर नव्या तांदळाची खीर नारळाच्या दुधात शिजायची, तो ‘खिरीचा सण’. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून घेऊन आणि कोणाला न शिवता दिवसभर उपास करायचा. दुसऱ्या दिवशी दार उघडून गोरगरिबांना वाटप करायचे आणि एकमेकांकडे जायचे, तो ‘शिळा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाच्या दुखवट्याला, म्हणजे तिशा बे-आवला, मांसाहार वर्ज्य असल्यामुळे मोड आलेल्या वालांचे बिरडे शिजायचे, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. आणि ताई, ‘अनाशी डाकाचा सण’ म्हणजे पेसाह. त्या नावात आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याचा अर्थ आहे. मिसरातून निघाल्याची कथा वाचून दाखवणारे कोणी उरले नव्हते, ती कथा असलेला हग्गादा हा ग्रंथ नव्हता, पण त्या आठवड्यात घरात आंबवलेले काही चालत नाही हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक होते आणि तिने ते भांडे झाकले. मला विचाराल तर आपल्या सगळ्या इतिहासात त्या झाकलेल्या भांड्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

‘होळीचा सण’ हे आपल्या पुरीम या आनंदाच्या सणाचे नाव ऐकून आपल्या भाच्याला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण पुरीम आणि होळी हे दोन्ही सण वर्षाच्या एकाच सुमारास येतात, आणि कोकणातल्या माणसाने दिवस ओळखण्यासाठी होळीची खूण धरली, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे.

मलिद्याविषयी मात्र माझे मत थोडे सावध आहे. आपल्यातील अनेक जण तो थेट जेरुसलेमच्या मंदिरातील धान्याच्या अर्पणापासून आला असे सांगतात, आणि लेवीय ग्रंथात तशा अर्पणाचे वर्णन आहे हेही खरे आहे. तरी मधल्या इतक्या शतकांचा धागा जुळवून दाखवणे कठीण आहे, म्हणून पुस्तिकेत ते ठाम विधान म्हणून लिहू नये. अलिबागजवळ खंडाळे येथे ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणून ओळखला जाणारा खडक आहे. नवगावला बेशुद्ध पडलेल्या पूर्वजांना त्यांनीच शुद्धीवर आणले आणि नंतर त्या खडकावरून ते स्वर्गात गेले, अशी श्रद्धा आहे, आणि तेथे रथाच्या खुणा दाखवतात. ज्यू पंचांगातील शेबाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी तेथे मलिदा होतो. ही माहिती मात्र निःसंकोच लिहावी.

उत्तर – इतिहासाचा विद्यार्थी, पुणे

मी ज्यू नाही, पण कोकणच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करतो, म्हणून थोडी भर घालतो.

‘मलिदा’ हा शब्द फारसी आहे. मळणे, चोळणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो तयार झाला आणि मुसलमानांच्या दर्ग्यांमध्येही गोड मलिदा चढवण्याची रीत आहे. खंडाळ्याच्या दिवसाला जुन्या पिढीतले लोक ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ म्हणत असत, आणि ‘उरूस’ हा शब्दही तेथूनच आलेला आहे. म्हणजे आपल्या भाच्याचे विधान वस्तुस्थितीलाही धरून नाही. उसने घेतलेच असेल तर ते हिंदूंच्या प्रसादापेक्षा दर्ग्याच्या परंपरेकडून घेतले असण्याची शक्यता अधिक आहे. पण परातीतला पदार्थ बाजूला ठेवून विधी पाहावा. त्यात झाडाच्या फळावरचा आशीर्वाद खजुरावर म्हणतात, जमिनीतून येणाऱ्या फळावरचा केळ्यावर म्हणतात, सुगंधाचा आशीर्वाद सब्जाची डहाळी किंवा फूल हुंगून म्हणतात, आणि इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादापासून सुरू होणारी हिब्रू वचने व एलियाहू संदेष्ट्याचे गीत गातात. आशीर्वादांचे हे नियम जगभरातल्या ज्यूंना लागू असणारे नियम आहेत. शब्द फारसी, पदार्थ कोकणी आणि विधी ज्यू, असे हे ताट आहे.

आपल्या व्याह्यांना हे समजावणे आपल्याला वाटते तितके अवघड जाणार नाही, असे मला वाटते. मोरोक्कोच्या ज्यूंमध्ये पेसाह संपतो त्या संध्याकाळी ‘मिमूना’ साजरी होते. घराची दारे शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी उघडी ठेवतात आणि ‘मुफ्लेता’ नावाची पातळ पोळी लोणी-मधाबरोबर वाढतात. मोरोक्कोत असताना मुसलमान शेजारी त्या घरी आंबवलेल्या पिठाचे साहित्य घेऊन येत असत. थोर धर्मगुरूंच्या थडग्यांना वार्षिक यात्रा करण्याची प्रथाही तेथल्या ज्यूंमध्ये मोठी होती आणि तेथल्या मुसलमानांच्या यात्रांशी तिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. आज इस्रायलमध्ये मिमूना सर्वांचाच सण झाला आहे. मुलीच्या आईला एवढेच सांगून पाहावे की जे नाते आपल्या मिमूनाचे मोरोक्कोशी आहे, तेच आमच्या मलिद्याचे कोकणाशी आहे.

पुस्तिकेत एका चित्राचा उल्लेख जरूर करावा. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत हग्गादा छापला गेला. त्याची चित्रे युरोपातल्या हग्गाद्यांच्या धर्तीवर आहेत, पण पेसाहची बेखमीर भाकरी करण्याच्या दृश्यात साड्या नेसलेल्या, केस बांधलेल्या बायका जमिनीवर बसून पीठ मळताना आणि भाकऱ्या भाजताना दिसतात. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाला होता. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकाराने बेने इस्रायल कीर्तने रचू आणि गाऊ लागले. चाली आपल्या मराठी कीर्तनाच्या आणि आख्यान योसेफाचे किंवा मोशेचे, असा त्यांचा घाट होता. त्यांना धर्म आणि भाषा यांपैकी एक निवडावे लागले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर – नागपाड्याचा गबाई (सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराचा, कारभारी)

वरील उत्तरे आदराने वाचली, परंतु दुसरी बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. मराठी नावांविषयी जिव्हाळा असावा, पण ज्या पूर्वजांनी ती नावे वापरली त्यांनीच, हिब्रू शिकण्याची संधी मिळताच, ती किती उत्सुकतेने घेतली हेही विसरू नये. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग, शाअर हरहामीम, उभारले. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी गावोगावी प्रार्थना शिकवल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचले, आणि हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये इस्रायली शाळा सुरू केली, तीही आपल्या मुलांना हिब्रू यावी यासाठीच. आपल्या लोकांना आपले नाव जगातल्या इतर ज्यूंच्या नावाशी जुळावे असे वाटत होते आणि त्यात लाज नव्हती, तहान होती.

त्याच काळात आपले लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत होते. ‘जुनी मशीद’ आणि ‘नवी मशीद’ हे शब्द माझ्या वडिलांच्याही तोंडी होते, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. आज आम्ही तो शब्द वापरत नाही, आणि त्यामुळे आपले काही बुडाले असे मला वाटत नाही. शिवाय जुने ते सगळेच जपण्यासारखे नसते. ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, तोही आपण याच मातीत शिकलो होतो आणि तो गेला हे फार चांगले झाले. आपल्या भाच्याने हिब्रू नावांचा आग्रह धरला तर त्याला परका समजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर – रामलेहून

गबाईसाहेब, आपला मुद्दा मला पटतो. तरीही ताईंच्या भाच्याच्या मनात जे आहे ते हिब्रूच्या तहानेपेक्षा वेगळे असावे, असे मला वाटते, कारण मी ते स्वतःच्या घरात पाहिले आहे.

माझे वडील १९५० च्या दशकात मुंबईहून येथे, इस्रायलमध्ये, आले. त्या काळात आलेल्या आपल्या लोकांना आपल्याशी रंगावरून भेदभाव होतो असे वाटत होते, आणि काही कुटुंबांनी धरणे धरून भारतात परत जाण्याची मागणी केली व ती परतही गेली. त्यानंतरचा घाव अधिक खोल होता. १९६२ मध्ये येथील मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. ज्या लोकांनी शेकडो वर्षे एकट्याने शनिवार पाळला, त्यांना ज्यू असल्याचा दाखला द्या असे सांगण्यात आले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला आंदोलनाला बसले, तेव्हा माझे वडील त्यांच्यात होते आणि आई मला कडेवर घेऊन डबा पोहोचवायला जात असे. ऑगस्टमध्ये क्नेसेटचे, म्हणजे इस्रायलच्या संसदेचे, खास अधिवेशन भरले, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर झाले आणि अखेर धर्मपीठाने त्या सूचनेतून आपले नाव काढले.

पण भीती एका ठरावाने जात नाही. माझ्या वडिलांनी त्यानंतर कित्येक वर्षे घराबाहेर मराठी बोलायचे टाळले. एकदा शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा आईने मलिद्याची परात पलंगाखाली सरकवली होती, आणि नंतर ती बाहेर काढताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. ताई, आपला भाचा जे म्हणाला ते त्याचे स्वतःचे मत नसावे. ‘हे आमचे नाही, हे तिकडचे आहे’ असे आपणच आधी सांगून टाकले की समोरचा विचारण्याच्या भानगडीत पडत नाही, हे आमच्या पिढीने मुलांना न बोलता शिकवले. त्याच्यावर रागावू नका, त्याला जवळ बसवून परातीत हात घालायला लावा.

आता इकडची स्थिती पुष्कळ बदलली आहे. शेबाटच्या पंधराव्या दिवशी आमच्याकडे उघडपणे मलिदा होतो आणि हैफाच्या एलियाहूच्या गुहेलाही आपले लोक जातात. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक येथून निघत आले आहे आणि काही गावांत महाराष्ट्र दिनही साजरा होतो. मेंदीविषयी तर आपण निश्चिंत राहा. मोरोक्कोच्या ज्यूंमध्ये लग्नाआधीची मेंदी आपल्यापेक्षाही थाटाने होते, तेव्हा त्या दोन घरांची पहिली ओळख मेंदीच्या हातांनीच होईल.

प्रश्नकर्ती – किहीमची नात

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. रामलेच्या ताईंचे उत्तर मी भाच्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने विचारले की आजीची पितळी परात अजून कोणाकडे आहे का. ती माझ्याकडेच आहे.

पुस्तिकेचे मी असे ठरवले आहे. गबाईसाहेबांच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक पानावर हिब्रू नाव पहिले येईल. त्याखाली आजीचे मराठी नाव येईल आणि त्याखाली त्या दिवशी घरात काय शिजायचे ते. पेसाहच्या पानावर झाकलेल्या भांड्याचे चित्र भाचा स्वतः काढणार आहे. मंदिरातील अर्पणाविषयी ‘अशी आमच्यात समजूत आहे’ एवढेच लिहीन, आणि फारसी शब्दाचाही उल्लेख करीन. पुरीमच्या पानावर ‘होळीचा सण’ हे नाव ठेवले आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. दीडशे पाहुणे आहेत आणि मी आजवर वीस-पंचवीस माणसांपलीकडे मलिदा केलेला नाही. पोहे किती लागतील, आणि ते येथून आणावेत का?

उत्तर – रामलेहून

पोहे आणू नका, रामलेच्या भारतीय दुकानांत ते मिळतात. दीडशे माणसांना प्रत्येकी एक मूठ द्यायची तर सहा किलो पुरतील, पण मलिदा घरोघरी पाठवायचा असतो, म्हणून आठ किलो धरा. मध्यम पोहे घ्या, पातळ पोह्यांचा इतक्या मोठ्या प्रमाणात लगदा होतो. नारळ वीस-बावीस लागतील आणि ते खवायला आम्ही चौघी आदल्या संध्याकाळी येऊ. परात तेवढी हातातल्या सामानात आणा, पोटातल्या सामानात तिला पोचे पडतील.